बिडे सीटची धार पुन्हा पुन्हा मंदावत असेल तर

बिडे सीट, म्हणजे कमोडवर बसणारी आणि नोझलमधून (पुढे सरकणाऱ्या बारीक नळीतून) पाण्याची धार सोडून धुऊन देणारी सीट, नवी असते तेव्हा धार सरळ आणि भरपूर येते. काही महिन्यांत ती बारीक होते, मग एका बाजूला वळते, आणि एखाद्या दिवशी नोझल बाहेर येऊन आत जायचंच नाव घेत नाही. प्लंबर येतो, ब्रशने घासून देतो, धार सुधारते. महिन्या-दीड महिन्यात तीच तक्रार पुन्हा. बऱ्याच घरांत यानंतर सीट नुसती बसण्यापुरती उरते आणि शेजारचा जेट स्प्रे परत हातात येतो.

धडधाकट माणसाचं त्यात फारसं अडत नाही. पण आपल्याकडे ही सीट बहुतेक वेळा कुणाच्या तरी गरजेसाठी घेतलेली असते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई असते, खांदा आखडलेले सासरे असतात, अर्धांगवायूनंतर एकाच हाताने सगळं करणारे काका असतात. संडासात कुणाला आत बोलवावं न लागणं ही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. म्हणून ही तक्रार 'चालायचंच' म्हणून सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दुरुस्ती टिकत नाही, कारण धार कमी होण्यामागे तीन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि वरून तिन्ही सारखीच दिसतात: पाणी आत येतं तिथल्या जाळीत अडकलेला गाळ, नोझलच्या भोकांत जमलेले क्षार, किंवा मुळात पाण्याचा दाबच अपुरा. घासली जाते फक्त नोझल, कारण डोळ्यांना तीच दिसते.

आधी कारण ओळखा

शेजारचा जेट स्प्रे दाबून पाहा. त्याचीही धार मेली असेल तर सीटला हात लावू नका, दोष मागून येणाऱ्या पाण्यात आहे: टाकी रिकामी, अँगल कॉक (भिंतीतून सीटला पाणी देणारा छोटा नळ) अर्धवट बंद, किंवा दाब कमी. जेट स्प्रे जोरात आणि सीटच मंद असेल, तर अडथळा सीटच्या नळीपासून नोझलपर्यंत कुठेतरी आहे.

मग धारेकडे नीट बघा. बारीक झाली पण सरळ येते, तर बहुधा जाळी तुंबली आहे. वाकडी येते, दोन-तीन धागे फुटून येते किंवा पंख्यासारखी पसरते, तर भोकांवर क्षार बसले आहेत. मागची धार मंद आणि स्त्रियांसाठीची पुढची धार ठणठणीत, असं असेल तर जाळीवर शंका घेऊ नका, कारण दोन्ही धारांना पाणी एकाच जाळीतून मिळतं. तिथे दोष त्या एका भोकाचा किंवा नोझलचा.

आणि विचारा, हे कधीपासून? एका दिवसात झालं असेल तर गाळ. हळूहळू, कळत नकळत होत गेलं असेल तर क्षार. बसवल्या दिवसापासूनच असं असेल तर दाब. इलेक्ट्रिक सीट असेल तर रिमोटवर किंवा बाजूच्या पट्टीवर धारेचा जोर कमीवर ठेवलेला नाही ना हेही पाहून घ्या. घरात लहान मुलं असतील तर हे सगळ्यात आधी पाहा.

जाळी

सीटला पाणी देणारी नळी सीटच्या बाजूला जिथे जोडलेली असते, तिथे किंवा कमोडमागच्या टी-जोडात बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशी एक जाळी असते. काही साध्या, विजेशिवाय चालणाऱ्या सीटमध्ये ती नळीच्या वायसरमध्येच बसवलेली असते. तिथे वाळूचे कण, टाकीतला चिखल, पाइपमधला गंज आणि टेफ्लॉन टेपचे (जोडाच्या आट्यांवर गुंडाळायच्या पांढऱ्या फितीचे) तुकडे अडकतात. बसवल्यानंतर पहिल्या आठवड्यातच धार गेली, तर ते टेपचे तुकडे असण्याची शक्यता खूप.

काढताना क्रम पाळा. इलेक्ट्रिक सीट असेल तर आधी प्लग काढा. अँगल कॉक पूर्ण बंद करा. सीटमध्ये हाताने फिरवायचा नॉब असेल तर तो उघडून आतला दाब सोडा. नसेल तर जोडाखाली मग आणि जुनं फडकं धरा, कारण थोडं पाणी उडणारच. नट शक्यतो हाताने सैल करा. पाना लावावाच लागला तर मधे कापड घ्या. जाळी वाहत्या पाण्याखाली उलट बाजूने धरून मऊ टूथब्रशने घासा. पांढरी कडक साय बसली असेल तर लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवा, प्रमाण पुढे दिलं आहे.

परत जोडताना रबरी वायसर जागेवर आहे याची खात्री करा. वायसर असलेल्या जोडाला टेफ्लॉन टेप लागत नाही. तिथे पाणी वायसर अडवतो, आटे नाहीत. प्लॅस्टिकचा नट हाताने घट्ट झाला की फार तर पाव फेरा. त्याहून जास्त आवळला तर त्याला केसाएवढी चीर जाते, आणि ती चीर रात्री घरात सगळे झोपलेले असताना फुटते. कॉक उघडल्यावर जोडाभोवती कोरडा कागद फिरवा, थेंबभर गळती असली तरी दिसते.

जाळी पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर एक सवय लावून घ्या, हिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही. सोसायटीची टाकी धुण्याची सूचना लागली की त्या दिवशी सीटचा अँगल कॉक बंद ठेवायचा. पाणी आल्यावर आधी बेसिनचा नळ किंवा जेट स्प्रे पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडायचा, आणि मगच सीटचा कॉक उघडायचा. एप्रिल-मेमध्ये टँकर सुरू होतात तेव्हा, आणि पाणीकपातीत टाकी तळाला जाऊन पुन्हा भरते तेव्हाही हेच. टाकीच्या तळाचा गाळ पाइपात शिरतो तो नेमका अशाच वेळी.

क्षार

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं किंवा थेंब जागीच वाळला, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट घट्ट होऊन मागे राहतं. गिझरच्या कॉइलवर आणि शॉवरच्या भोकांवर दिसतो तोच हा पांढरा थर. बिडेच्या नोझलवर तो लवकर बसतो, कारण भोकं बारीक असतात, पाणी कोमट असतं आणि प्रत्येक वापरानंतर टोकावर एक थेंब वाळत राहतो. पाणी साठवून तापवणाऱ्या सीटमध्ये आतल्या छोट्या टाकीतही तो साचतो.

मुंबईला तलावांचं आणि पुण्याला खडकवासल्याचं महापालिकेचं पाणी येतं, ते बऱ्यापैकी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं आहे. नुसत्या त्या पाण्यावर चालणाऱ्या घरात ही तक्रार फार येऊ नये. शहरांच्या कडेच्या, बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांचं मात्र वेगळं. दख्खनच्या काळ्या कातळातून वर येणारं पाणी पुष्कळदा जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) एकूण कठीणता, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानली आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली आहे. पाणी मानकात बसतं म्हणून नोझलवर थर बसणार नाही, असं समजू नका.

कठीणता टीडीएस मीटरने कळत नाही. तो विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज देतो, त्यात साधं मीठही येतं. कठीणता मोजायच्या कागदी पट्ट्या स्वस्तात मिळतात, त्या वापरा. तेवढंही नको असेल तर अंगाच्या साबणाला फेस येतो का, आणि बादलीत दोन दिवस उभ्या राहिलेल्या पाण्याच्या कडेला पांढरी रेघ उमटते का, एवढं पाहिलं तरी पुरे.

क्षार काढायला लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, हे मला सगळ्यात चांगलं वाटतं. किराणा दुकानात मिळतं, वास नाही, आणि तांबूस गंजाचे डागही त्याने निघतात. एक कप, म्हणजे सुमारे २०० मिली कोमट पाण्यात एक सपाट चमचा, ५ ग्रॅमच्या आसपास. पांढरं व्हिनेगर असेल तर तेवढंच पाणी घालून तेही चालतं, वास सहन करायची तयारी हवी.

इलेक्ट्रिक सीटला 'नोझल सफाई' असं बटण असतं. ते दाबलं की नेहमीची जोराची धार न सोडता नोझल बाहेर येऊन थांबते. ती बाहेर असतानाच प्लग काढला तर बहुतेक सीटमध्ये ती तिथेच राहते आणि काम निवांत करता येतं. साध्या सीटमध्ये नोझल दोन बोटांनी हलकेच खाली ओढता येते. इलेक्ट्रिक सीटची नोझल मात्र हाताने ओढू नका, आतले प्लॅस्टिकचे दाते मोडतात. छोट्या पिशवीत द्रावण घेऊन नोझलचं टोक त्यात बुडेल अशी ती रबरबँडने बांधा. पिशवी उभी राहत नसेल तर द्रावणात भिजवलेला कापूस किंवा सुती चिंधी टोकाला गुंडाळा आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा ओली करा. अर्ध्या तासात बारीक बुडबुडे येऊन थर भुसभुशीत होतो. बुडबुडे दिसले की खात्रीने समजा, तो कार्बोनेटच होता. मग मऊ टूथब्रशने एका दिशेने घासायचं, साध्या पाण्याने पुसायचं, आणि धार दोन-तीनदा कमोडवर हात किंवा मग धरून सोडायची. सीटवर कुणी बसलं नसेल तर इलेक्ट्रिक सीटची धार सुरू होत नाही, त्यामुळे तिथे सफाईच्या बटणानेच नोझल धुऊन घ्या. थर जुना असेल तर एकदम तासन् तास भिजवण्यापेक्षा दोन दिवस लागोपाठ अर्धा-अर्धा तास बरा.

काही नोझलचं टोक फिरवून वेगळं होतं. माहितीपुस्तिकेत तसं चित्र असेल तरच काढा.

सुई, टाचणी, सेफ्टी पिन नोझलच्या भोकात घालू नका. क्षार निघतील, पण भोकाची कडा ओरखडली जाईल, आणि एकदा कडा बिघडली की धार कायमची वाकडी. मग नोझल बदलण्याशिवाय इलाज नाही. पुन्हा पुन्हा घासूनही वाकडी राहणाऱ्या धारेची गोष्ट कितीदा तरी इथेच सुरू झालेली असते.

कमोड धुवायच्या बाटलीतलं जोरकस ॲसिड नोझलला अजिबात लावायचं नाही. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते क्षार क्षणात काढतं खरं, पण नोझलचा धातू आणि तिच्यावरचा मुलामा खातं. कमोडच्या भांड्यात तेच वापरताना सीट आणि झाकण दोन्ही वर उघडी ठेवा, थोड्या वेळात फ्लश करा. झाकण बंद करून रात्रभर ॲसिड ठेवलं, तर त्याची वाफ खालून सीटच्या धातूच्या भागांवर आणि सर्किटवर काम करत राहते. आणि ॲसिड कुठलंही असो, लिंबूसत्व असो की बाटलीतलं, ते ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरसोबत कधीही एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. घरी कामाला येणाऱ्या ताईंनाही हे नीट समजावून सांगा, कारण रोज ते श्वासात जाणार त्यांच्याच.

संगमरवरी फरशी असेल तर खाली जुना टॉवेल अंथरा. संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेटच, लिंबूसत्वाच्या थेंबाने त्यावर निस्तेज डाग पडतात.

हे किती दिवसांनी करायचं, ते तुमच्या पाण्यावर ठरतं. जड पाणी असेल तर महिन्यातून एकदा, थर डोळ्यांना दिसायच्या आत. मऊ पाण्यात वर्षातून दोनदा पुरतं. मिठाने चालणारा रेझिनचा सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र) बसवला तर कॅल्शियम खरंच निघतं, पण एका सीटसाठी तो खर्च करू नका. संपूर्ण घराचा गिझर, वॉशिंग मशीन, नळ धरून विचार करा. पाइपवर चिकटवायच्या चुंबकांवर मी तरी पैसे घालणार नाही, त्याने पाण्यातलं कॅल्शियम कमी होत नाही.

आतल्या टाकीत किंवा हीटरमध्ये लिंबूसत्व फिरवायची युक्ती लोक सांगतात. माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं असेल तरच करा.

दाब

इलेक्ट्रिक सीटच्या माहितीपुस्तिकेत पाण्याचा किमान दाब दिलेला असतो, पुष्कळ ठिकाणी तो ०.०५ मेगापास्कल असतो. म्हणजे अर्धा बार. म्हणजेच टाकीतल्या पाण्याची पातळी सीटपासून साधारण ५ मीटर वर हवी. आता सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर डोळ्यांसमोर आणा. स्लॅब ३ मीटरवर, त्यावर ओट्यावर ठेवलेली टाकी. सीटपासून मोजलं तर पाणी जेमतेम साडेतीन-चार मीटर वर. पाइपातल्या वळणांमध्ये त्यातलाही थोडा दाब जातो. या घरात नोझल कितीही चकचकीत केली तरी धार जोरात येणार नाही. खालच्या प्रत्येक मजल्याला सुमारे ०.३ बार जास्त मिळतो, त्यामुळे दोन मजले खाली राहणाऱ्यांची तीच सीट उत्तम चालते आणि वरच्यांना वाटतं आपलीच खराब निघाली.

टाकी काठोकाठ भरलेली असताना धार बरी आणि संध्याकाळी मंद, असं होत असेल तर हेच कारण. उपाय म्हणजे वरच्या मजल्यांसाठी प्रेशर पंप, किंवा टाकी जास्त उंच स्टँडवर. सीट अजून घ्यायची असेल तर आधी माहितीपुस्तिकेतला किमान दाब वाचा, दुकानदार हा आकडा आपणहून सांगत नाही. गाळ अडवायला नळीवर फिल्टर बसवायचा विचार असेल तर वरच्या मजल्यावर अगदी बारीक कापसाचा कार्ट्रिज नको, तो उरलासुरला दाबही खातो. तिथे धुता येणारी धातूची जाळी ठीक.

नोझल आत जात नाही, थेंब थांबत नाहीत

नोझल अर्धवट अडकत असेल तर तिच्या दांड्यावर, जिथून ती सरकते त्या खाचेत, केस आणि क्षार मिळून गुठळी झालेली असते. द्रावणात भिजवलेली चिंधी दहा मिनिटं ठेवून पुसून घ्या. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते.

पाणी साठवून तापवणाऱ्या सीटमध्ये पाणी गरम होताना थोडं फुगतं आणि नोझलमधून चार थेंब पडतात. तो बिघाड नाही. थेंब तासन् तास पडत राहिले किंवा बारीक धारच लागून राहिली, तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी कण अडकला आहे. आधी जाळी धुवा, मग कॉक झटकन उघडून धार काही वेळ पूर्ण जोराने सोडा, कधी कधी कण निघून जातो. न थांबल्यास कॉक बंद करून कंपनीचा माणूस बोलवा. इलेक्ट्रिक सीटचा व्हॉल्व्ह घरी उघडू नका.

आजी-आजोबांची एक नेहमीची तक्रार: "मधेच पाणी बंद होतं." वजनाने हलकी झालेली माणसं आधारासाठी पुढे सरकून बसतात आणि सीटमधल्या सेन्सरला वाटतं, कुणी उठलं. त्यांना थोडं मागे बसायला सांगा आणि बाजूला धरायला भिंतीत पक्का दांडा लावून घ्या. सीटवर टॉवेल किंवा कापडी कव्हर असेल तर तेही काढा. सेन्सर ओला किंवा मळका असला तरी गोंधळतो.

सीटची सफाई

भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब मगभर पाण्यात, मऊ कापड, पिळून. एवढंच लागतं. घासणी, पावडर, थिनर, स्पिरिट यांनी प्लॅस्टिकवर बारीक ओरखडे किंवा चिरा पडतात आणि पिवळेपणा त्यातच मुरतो. कोरड्या टिश्यूनेही रगडू नका. इलेक्ट्रिक सीटवर मगाने किंवा जेट स्प्रेने पाणी मारायचं नाही. आपल्याकडे संडास धुवायचा म्हणजे भिंतीपासून पाणी ओतायचं अशी पद्धत, त्यामुळे हे मुद्दाम सांगावं लागतं.

सगळं पुसूनही वास येतो, तेव्हा तो सीट आणि कमोडच्या मधल्या फटीतून येत असतो. तिथे लघवी झिरपते आणि बाहेरून पुसून निघत नाही. बऱ्याच सीटना बाजूला एक खटका असतो. प्लग काढून, तो दाबून सीट पुढे ओढली की पूर्ण निघते, पाण्याची नळी ताणू नका. खालचा भाग आणि रबरी टेकू पुसून कोरडे करा. त्याच वेळी बोल्ट सैल झालेत का ते पाहा. हलणारी सीट म्हाताऱ्या माणसाला पाडू शकते.

प्लग तीन पिनांचा, अर्थिंग तपासलेलं, आणि मागे ३० मिलिअँपिअर किंवा त्याहून संवेदनशील आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा. प्लगवरच टेस्टचं बटण असेल तर महिन्यातून एकदा दाबून वीज तुटते का ते पाहा. बाथरूममध्ये एक्स्टेंशन बोर्ड नको. अमेरिकेहून मुलाने आणलेली सीट १२० व्होल्टची आणि जपानची १०० व्होल्टची असते. ती आपल्या २३० व्होल्टवर थेट लावली तर पहिल्याच मिनिटाला जळेल.

महिनाभरासाठी गावी जाणार असाल तर कॉक बंद करा, प्लग काढा, आतल्या टाकीला निचऱ्याचं बूच असेल तर पाणी सोडून द्या. परत आल्यावर आधी बेसिनचा नळ, मग सीटचा कॉक. माहितीपुस्तिकेप्रमाणे टाकी भरा, प्लग लावा, आणि पहिलं पाणी नोझल सफाईच्या बटणाने वाहून जाऊ द्या.